धसई माझ्यावर हसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. धसईच्या साईनाथ केबलवाल्याच्या खोलीत मी दहा वर्षं राबलो. गावातली लग्नं, जत्रा, लेझीम, सगळं मी घराघरांत दाखवलं. लोक साईनाथला रस्त्यात अडवून म्हणत, "काल आमाला टीव्हीत बघला रे!" तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

मग अठ्ठ्याण्णव साली छपरावर मोठी डिश बसली आणि एक कार्टून आलं. त्यातला आगाऊ पोरगा बापाची नक्कल करी, आजोबांना टकल्या म्हणे. पोरं हसून लोळत. माझ्या जत्रेवर कधी कोणी असं लोळलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

एक दिवस सकुबाई दारात उभ्या राहिल्या. "साईनाथ, आमचा नातू प्रज्वल त्याच्या आज्याला टकल्या बोलाया लागला. बंद कर तो कार्टून!"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण कार्टून बंद केलं तर पोरं भांडायला येणार. साईनाथने मधला मार्ग काढला. सकाळी भाग बघून वाह्यात जागा वहीत टिपायच्या, आणि संध्याकाळी तोच भाग पुन्हा लागला की नेमक्या तेवढ्या जागी मला चालू करायचं. म्हणजे मी ठिगळ झालो! मी दिसलो की पोरं नाकं मुरडत.

एका संध्याकाळी माझ्यात जत्रेची कॅसेट होती. लेझीम घेऊन पुढे नाचत होते सकुबाईंचे यजमान, गणूबाबा. कॅसेट वाचणारं माझं हेड कित्येक महिने कोणी पुसलं नव्हतं. चित्र थरथरलं, गणूबाबांचं तोंड कानापर्यंत ताणलं गेलं आणि ते जागच्या जागी टुणटुण उडू लागले. आख्ख्या आळीत हशा पिकला. माझ्यावर! साईनाथने बंद करायचं बटण दोनदा दाबलं. मी दाद दिली नाही. अजून थोडं हसा, एवढंच माझ्या मनात होतं.

सकुबाई आल्या त्या रडतच. "तुजा कार्टूनच बरा रे. तो कोनाचा आजा तरी नाय! आमचा म्हातारा जेवला नाय, भिंतीकडं तोंड करून बसलाय."

साईनाथने माझी वायर उपटली आणि मला माळ्यावर टाकलं. कार्टून चालूच राहिलं, टकल्यासकट. पोरांचं ते हसू माळ्यावर ऐकू येतं आणि अजूनही माझ्या पोटात दुखतं.

मित्रांनो, जुन्या यंत्राचं हेड वेळच्या वेळी पुसत जा. धुळीनेच घात केला, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण बटण मीच अडवून धरलं होतं, आणि पुढच्या जत्रेत गणूबाबांनी लेझीम हातात घेतली नाही.