खुंटीवरचा सुरक्षा पट्टा

मित्रांनो, आज माझा रंग विटला आहे, बकलांना गंज चढला आहे. मी एक सुरक्षा पट्टा आहे. उंचावर काम करणारी माणसं मला खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती आवळून बांधतात आणि माझा दोर वर पक्का अडकवतात.

माझा मालक एक वेल्डर. अंगानं काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. इमारतीच्या बांधकामावर आम्ही रोज सोबत चढायचो. मी काचतो, माझ्यामुळे उकडतं, अशी त्याची सतत कुरकुर असे. तरी मला बांधल्याशिवाय तो कधी चढला नाही.

एकदा सातव्या मजल्यावर त्याच्या पायाखालची फळी सरकली. त्याचा सगळा भार एका हिसक्यात माझ्यावर आला. माझे टाके उसवले, पण मी त्याला सोडलं नाही. सोबत्यांनी त्याला वर ओढून घेतलं.

असा हिसका सोसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. मला टाकून देणार होते, पण पैलवानानं मला घरी नेलं. त्याच्या बायकोनं माझ्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "जमिनीवरचं काम बघा."

मग तो एका कारखान्यात लागला. तिथे भिंती आणि जिने जमिनीवरच साच्यात काँक्रीट ओतून तयार करत आणि नंतर ट्रकनं नेऊन इमारतीत जोडत. त्यानं मला तिथल्याच शेडमधल्या खुंटीला टांगलं. माझ्यावर धूळ बसू लागली आणि पैलवान निर्धास्त झाला.

एक दिवस क्रेन एक तयार भिंत उचलत होती. भिंत हातभर वर आली, तोच पैलवान तिच्याखाली अडकलेला लाकडी ठोकळा काढायला वाकला. क्रेन चालवणाऱ्या ताईंनी भोंगा वाजवला आणि क्रेन थांबवली.

"दादा, बाहेर या."

"अहो ताई, इथे पडायला मजले आहेत कुठे? एवढं काढतो आणि येतो."

"तुम्ही नाही, भिंत पडेल. तुम्ही हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

तो तोंड वाकडं करून बाजूला झाला. क्रेन पुन्हा हलली आणि साखळीचा आकडा निसटला. भिंत धाडकन खाली आली. ठोकळ्याचा भुगा झाला.

पैलवान माझ्या खुंटीखाली येऊन बसला. ताई त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"घरी कळू देऊ नका," तो पुटपुटला.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

त्यानं सांगितलं. बायको दोन दिवस धड बोलली नाही. आता क्रेन सुरू होण्याआधी पैलवानच प्रत्येकाला हाताला धरून लांब नेतो. काहीजण त्याला हसतात. तो हसू देतो.

मित्रांनो, उंचावर मी त्याला धरून ठेवू शकलो. जमिनीवर मात्र मी नुसता बघत होतो. तिथे त्याला वाचवलं ते ताईंच्या हटून बसण्यानं. म्हणून पट्टा बांधायचा कंटाळा करू नका, त्याची शिवण रोज तपासा. आणि कोणी काम थांबवून तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, तर आधी बाजूला व्हा. राग नंतरही काढता येतो.