व्हर्नाचं पहिलं पिस्तूल

साप मारायला पिस्तूल हवंय, असं व्हर्ना स्टोकलीने बंदुका आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पाऊल टाकताटाकताच जाहीर केलं. तिला कोणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. काउंटरमागे ड्वेन उटली अजून सकाळच्या नाश्त्याची कागदी बशी पुसून खात होता.

"साप?" त्याने तोंड पुसलं. "अगं, सापाला फावडं पुरतं. तुझ्या आईने जन्मभर फावड्यानेच मारले."

"मला फावडं नकोय."

"मग कोंबड्यांमागे कोल्हा लागलाय का?"

"ड्वेन, तू दुकान चालवतोस की चौकशी समिती?"

ड्वेन हसला. दोघं एका शाळेतली, एका चर्चमधली. त्यामुळे त्यांचं बोलणं कायम असंच चालायचं. पण हसताहसता त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या त्या डोंगरी वळणांवरून वर्षानुवर्षं शाळेची पिवळी बस चालवणारे ते दणकट हात तिने काउंटरच्या काचेवर टेकले होते, आणि काच बारीक वाजत होती. मग त्याने सापाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की व्हर्नाची लेक केंड्रा वसंतात नवऱ्याचं घर सोडून आईकडे आली होती. आली तेव्हा तिच्या गळ्याभोवती बोटांचे वळ होते. फारकत झाली हे गावाला कळलं. पण ब्रेट मेडलॉकने केंड्रापासून लांब राहावं आणि बंदुकीला, पिस्तुलाला हातसुद्धा लावू नये, असा कोर्टाचा हुकूम झालाय, हे मात्र कोणाला कळलं नाही. मायलेकींनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याने गळा दाबला तो गावात ताठ मानेने फिरत होता आणि जिचा दाबला ती लाजेने घरात बसली होती. या जगाचं काही खरं नाही.

आणि आता गेला आठवडाभर, व्हर्ना पहाटे बस काढायला निघाली की रस्त्याच्या वळणावर ब्रेटची गाडी उभी असायची. तो काही करायचा नाही. ती समोरून गेली की इथले सगळे करतात तसं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून रामराम करायचा, बस्स. ती पुढे जाऊन बसमध्ये पोरं भरायची, आणि तिच्यामागे घरात केंड्रा एकटी झोपलेली असायची.

गावात बाईमाणसाकडेही एक पिस्तूल असतंच. पण व्हर्ना साठीची झाली तरी तिने कधी हातात धरलं नव्हतं. तिला आवाजाची भीती वाटायची. नवरा शिकारीला निघाला की ती स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायची. तो वारला तेव्हा त्याच्या बंदुका दिराने नेल्या आणि तिला हायसं वाटलं होतं. आज त्या बंदुका घरात नाहीत, म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ड्वेनने काचेखालून पहिल्यांदा काय काढलं असेल? गुलाबी मुठीचं, तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर.

"बायकांना हे आवडतं. पर्समध्ये मावतं."

"लिपस्टिकही मावते पर्समध्ये."

"मला माहिती होतं तू असंच बोलणार." त्याने त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं, काळं, लांबट, चांगलं जड. "मग खरं सांगतो. हे छोटं दिसतं गरीब, पण झटका असा देतं की मनगट हलतं. हलक्या पिस्तुलाचा धक्का सगळा हाताला बसतो. जड असलं की धक्का ते स्वतःच पिऊन टाकतं. नवीन माणसं इथेच फसतात, लहान हात म्हणून लहान पिस्तूल घेतात. एकदा उडवतात आणि कपाटात टाकतात."

मग त्याने तिला शिकवलं. पिस्तूल कोणीही दिलं, देवाने दिलं तरी, आधी उघडून बघायचं. नळी माणसाकडे करायची नाही. वरचा सरकता पोलादी भाग, त्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढायचा, आत डोकावायचं, अंधार असेल तर करंगळी घालून बघायचं. स्लाइड घट्ट होती. व्हर्नाने चिमटीत धरून ओढली आणि ती जागची हलली नाही.

"चिमटीने नाही. पूर्ण पंजाने वरून पकड, छातीजवळ घे, आणि ओढू नकोस. पकडलेला हात तसाच ठेव आणि मुठीचा हात पुढे ढकल. तू बसचं दार उघडायचा दांडा ढकलतेस ना, तसं."

तिने ढकललं. खटाककन उघडलं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ड्वेनने नेमकं तेव्हाच काचेवरची धूळ पुसायला घेतली.

दुकानामागच्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये नेमबाजीची सोय होती. कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे चढवल्यावर तिला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता, तोही कुत्र्यासारखा धापांचा. गुलाबीने पहिल्याच गोळीत तिचा अंगठा सोलला. ती ओरडली. तिला ते तिथेच टाकून घरी जावंसं वाटलं. काळं उडवताना तिने डोळे मिटले होते. गोळी छपरात गेली की जमिनीत, कोणास ठाऊक. दुसऱ्या गोळीला तिने डोळे उघडे ठेवले. कागदावरच्या माणसाच्या खांद्याला भोक पडलं. खांदा ब्रेटचाही तेवढाच रुंद होता.

काउंटरवर परत आल्यावर ड्वेनने काळं रिकामं केलं, गोळ्यांचं मॅगझिन आणि काडतुसं खाली कुलपात टाकली, आणि रिकामं पिस्तूल तिच्या हातात दिलं. "आता नुसतं उघडझाप कर. हाताला सवय होऊ दे."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

व्हर्नाने वळून बघितलं नाही. तिला वासानेच कळलं. दाढीनंतर लावायचं ते गोड वासाचं पाणी तिने एके काळी नाताळला स्वतःच त्याला भेट दिलं होतं.

"ड्वेनकाका, मासेमारीला चाललोय. चांगले जिवंत छोटे मासे द्या बरं गळाला लावायला," ब्रेट म्हणाला. मग अगदी मायेने, "आई! बाहेर तुमची गाडी दिसली. म्हटलं, विचारपूस करून जावं."

ड्वेन जाळी घेऊन दुकानाच्या टोकाच्या टाकीकडे गेला. त्याच्या लेखी हा जुना जावई होता, फार तर अवघडलेली भेट. व्हर्ना त्याला हाक मारणार होती, पण तोवर तो टाकीवर वाकला होता. कोर्टाच्या हुकुमात केंड्राचं नाव होतं. व्हर्नाचं नव्हतं. ब्रेटने तो हुकूम तिच्याहून नीट वाचला होता.

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात.

"पिस्तूल घेताय? कशासाठी?"

"साप."

"साप म्हणजे केवढासा जीव, आई. ते गुलाबी घ्या. तुमच्या हाताला शोभेल." तो काचेवर वाकला. "हे काळं तुम्हाला झेपायचं नाही. ऐन वेळी हातातून पडेल, आणि मग दुसऱ्याच्या हाती लागेल."

व्हर्ना हातातल्या काळ्याकडेच बघत राहिली.

"केंड्रा अजून मागच्याच खोलीत झोपते ना? त्या खिडकीची कडी नीट बसत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, बदलून देतो."

तो हे हळू, काळजीच्या स्वरात बोलला. टाकीतलं पाणी खळखळत होतं. ड्वेनला यातलं काहीच ऐकू गेलं नसणार. आणि गेलं असतं तरी काय? जावई सासूला खिडकीची कडी बदलायला सांगत होता, एवढंच. पोलिसांना जाऊन सांगायचं तरी काय? व्हर्नाला त्या क्षणी कळून चुकलं, की हा वळणावरून पुढे सरकणार आहे. आज, नाहीतर उद्या, ती बसवर असताना.

काहीतरी करायचं म्हणून तिने स्लाइड ओढली. हात घामाने ओले होते. बोटं सटकली.

आणि ब्रेटचा उजवा हात पिस्तुलाच्या दिशेने खिशातून अर्धा बाहेर आला.

तो त्याने लगेच परत आत घातला. "मीच शिकवलं असतं तुम्हाला," तो हसून म्हणाला, "पण जजसाहेबांनी हात लावायला मनाई केलीये ना मला. तुमच्याच लेकीची कृपा."

व्हर्नाने तो अर्धा बाहेर आलेला हात बघितला होता. तिने पिस्तुलाच्या आत पुन्हा एकदा डोकावलं. रिकामं. तरी करंगळी घातली. रिकामंच. काउंटरच्या वर, कोपऱ्यात, दुकानाचा कॅमेरा होता.

मग तिने स्लाइड चिमटीत धरली, मुद्दाम, अगदी टोकाला, आणि ओढली. सटकली. "काही केल्या जमतच नाही बाई," ती पुटपुटली. पुन्हा चिमटीने. पुन्हा सटकली. ब्रेटचा जबडा आवळला. तिने पिस्तूल उलटं धरून मुठीकडूनच ओढायला सुरुवात केली, इतकं खुळ्यासारखं की शेंबडं पोरही करणार नाही.

"अहो, तसं नाही!"

तिने चौथ्यांदा तेच केलं.

"काय वेंधळेपणा आहे हा! द्या इकडे!"

आणि त्याने तिच्या हातातून पिस्तूल ओढून घेतलं.

ते त्याच्या हातात गेलं तेव्हा व्हर्नाला वाटलं, आपण चूक केली. रिकामं आहे हे ती जाणत होती, तरीही. त्याने स्लाइड सर्रकन मागे नेली, सोडली. चेहरा खुलला त्याचा, महिनोन्महिने उपाशी माणसाला वाढलेलं ताट मिळावं तसा. मग सावकाश, शिकवण्याच्या मिषाने, नळी तिच्या पोटावरून फिरवली आणि तिथेच थांबवली.

"बघा," तो म्हणाला. "इतकं सोपं असतं."

"नळी खाली!" ड्वेन टाकीपासून ओरडला. त्या दुकानात यापेक्षा मोठं पाप नव्हतं.

व्हर्नाने काउंटर घट्ट धरलं. आतापर्यंत जे चर्चमध्ये, बसच्या डेपोत, सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते ती फाटक्या आवाजात ओरडून बोलली.

"ड्वेन! याने माझ्या केंड्राचा गळा दाबलाय! कोर्टाने याला पिस्तुलाला हात लावायची बंदी केलीये, आणि हा बघ तुझ्या दुकानात पिस्तूल घेऊन उभाय!"

ब्रेटने आधी पिस्तुलाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. ते काचेवर ठेवताना त्याने ते अलगद ठेवलं, जणू त्यामुळे काही फरक पडणार होता.

"मी मदत करत होतो," तो ड्वेनला म्हणाला. "काका, तुम्ही बघितलंत. बाईला उघडता येत नव्हतं."

"तिला येतं," ड्वेन म्हणाला. त्याच्या हातातली माशांची पिशवी गळत होती. "मी मघाशीच शिकवलंय."

ब्रेटने व्हर्नाकडे बघितलं. त्या नजरेत गोडवा औषधालाही उरला नव्हता. तो "आई" म्हणाला नाही. निघून गेला. ड्वेनने आधी दाराला आतून कुलूप लावलं, मग फोन उचलला. व्हर्ना काउंटरमागे जमिनीवर बसून राहिली. तिथूनच तिने केंड्राला फोन करून शेजारच्या घरी जायला सांगितलं.

ब्रेटला पोलिसांनी पेट्रोल पंपावर पकडलं. शेरीफच्या पोलीस खात्यातला तरुण डेप्युटी ते सांगायला दुकानात आला, काळं पिस्तूल पुरावा म्हणून पिशवीत घातलं, कॅमेऱ्यातलं चित्रण दोनदा पाहिलं.

"किती दिवस आत राहील?" व्हर्नाने विचारलं.

"ते जज ठरवतील, मॅडम. गुन्हा मोठा आहे. पण जामिनाचं मी काही सांगू शकत नाही." त्याने टोपी हातात फिरवली. "एक विचारू? त्याला मनाई माहीत होती, तुमच्या देखत बोलूनही दाखवली. तरी तो हात लावेल हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझी लेक सहा वर्षं त्याच्या घरात होती," व्हर्ना म्हणाली. "लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याने तिला एकदाही स्वतः उघडू दिलं नाही. ती उघडायला गेली, की हातातून ओढून घ्यायचा."

ड्वेनने कपाटातून त्याच जातीचं दुसरं काळं पिस्तूल काढलं, उघडून दाखवलं, बंद करून तिच्यासमोर ठेवलं. जामिनाबद्दल त्यानेही ऐकलं होतं.

व्हर्नाने ते उचललं. हाताला अजून घाम होता. तिने नळी भिंतीकडे केली, पंजाने वरून पकडलं, छातीजवळ घेतलं. सटकलं. पुन्हा धरलं. पुन्हा सटकलं.

"द्या मॅडम, मी करून—" डेप्युटी भल्या मनाने म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

"हात मागे घे, बाळा," व्हर्ना म्हणाली.

त्याने घेतला. दोघं पुरुष हात बांधून उभे राहिले, आणि ती प्रयत्न करत राहिली.