पाठीमागचा चेहरा

रीनाचं लग्न घाईघाईने उरकलं त्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन गेला होता. पहाटेच्या मळकट उजेडात दसरू अंगणात उभा राहून धाकट्या नातीच्या, दिव्याच्या, डोक्यामागे मुखवटा बांधत होता.

"हालू नोको."

"केस ओढल्या जातेत, आजा."

"ओढू दे. सैल राह्यला त वाटेत गळून पडन."

मुखवटा रबराचा होता. माणसाचं तोंड, गुलाबी गाल, जाड काळी मिशी आणि टक लावून पाहणारे रंगवलेले डोळे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्यांना जंगलखात्याच्या लोकांनी असे मुखवटे वाटले होते. वाघ पाठीवर येतो. पाठीलाही तोंड दिसलं की थबकतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. तेव्हा गावाला हसू आलं होतं. बायकांनी मुखवटे तोंडावर चढवून एकमेकींचे नवरे व्हायचं सोंग केलं होतं. मग नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गावची गुरं राखणारा मंगरू हॉल्टच्या वाटेवर सापडला. अर्धाच सापडला. त्यानंतर मुखवट्याला कोणी हसलं नाही.

हॉल्ट म्हणजे जंगलातला एक आखूड फलाट आणि पत्र्याची शेड. गोंदियाला जाणारी सकाळची मेमू गाडी तिथे उभी राहिली न राहिली की सुटायची. गावापासून तिथवर कोसभर गाडीवाट, दोन्ही अंगांना साग आणि बांबू. दिव्या गोंदियाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. शिकायचं तर ही वाट रोज तुडवणं आलं.

दसरू उजव्या हातात कुऱ्हाड घ्यायचा, डाव्या हाताने कमरेला बांधलेला तेलाचा रिकामा डबा बडवत चालायचा. दिव्या त्याच्या शेजारून. वाटेवर वाघाचं नाव घ्यायचं नाही, एवढं एकच त्याने तिला बजावून ठेवलं होतं. माकड ओरडलं की दोघं थांबत. चितळाने हाक दिली की दसरूच्या मानेवरचे पांढरे केस उभे राहत आणि डबा जोरात वाजू लागे. जन्म जंगलात गेला होता त्याचा; म्हणूनच भीती कमी नव्हती, जास्त होती.

आदल्या वर्षी दिव्याची थोरली बहीण रीना याच गाडीने जायची. होळीच्या सुमारास कोणीतरी योगराजला, म्हणजे दसरूच्या पोराला, येऊन सांगितलं की गाडीत एक जण तुझ्या पोरीचे फोटो काढतो. काढणारा कोण, ते योगराजने विचारलं नाही. वैशाखात रीना छत्तीसगडात सासरी गेली. तिची पुस्तकं दिव्याकडे आली.

धुरपताबाई शेजारच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची. त्याच मेमूने भाजीच्या टोपल्या घेऊन गोंदियाच्या बाजारात जायची. एका सकाळी गाडीला उशीर होता. दिव्या फलाटाच्या टोकाला उभी होती, तेव्हा धुरपताबाई दसरूजवळ येऊन टेकली.

"दसरूभाऊ, तुमची नात गाडीतबी तो मुखवटा काढत नाई. माहीत आहे का तुमाले?"

"विसरत असन."

"रोज विसरते का? परवा मी मागून पाह्यली त वाटलं, कोनी मिशीवाला हवालदार ओढनी घेऊन बसला! मी त राम राम घालनार होती बाप्पा." ती पोट धरून हसली. मग हसणं मध्येच राहिलं. "गाडीत कुठचा आला वाघ, भाऊ?"

दसरू तंबाखू मळत होता. मळतच राहिला. तंबाखूची पूड झाली तरी त्याचा अंगठा थांबला नाही.

संध्याकाळी दिव्या हॉल्टवर उतरली तेव्हा मुखवटा डोक्यामागे तसाच होता. अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून ती आणि न्यायला आलेला दसरू भरभर निघाले. बरीच वाट सरल्यावर दसरूने समोर पाहतच विचारलं,

"गाडीत काऊन घालतेस?"

डब्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

"माझ्या मांग एक जन बसते, आजा," ती म्हणाली. "डब्बा बदलला तरी येऊन बसते."

"काही म्हनते?"

"म्हनत काईच नाई." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मुखवटा घातला का हात थांबते त्याचा. थोडा वेळ."

पुढच्या वळणावर ती उभी राहिली.

"बाबाले सांगू नोको. मलेबी रीनाताईवानी करन."

जंगल एकाएकी फार शांत वाटलं. दसरूच्या ध्यानात आलं की आपला हात थांबला आहे. त्याने पुन्हा डबा बडवायला घेतला, आणि घर येईपर्यंत तो इतक्या जोराने बडवला की तळाला पोचे पडले.

रात्री जेवताना तो योगराजला म्हणाला, "सकाळी हिले गाडीत बसवून मी एकटाच वापस येतो. मंगरूबी एकटाच होता. आता मी हिच्याबरोबर गोंदियालेच जातो अन् संध्याकाळी हिच्याबरोबरच येतो."

योगराजने मान वर केली. "दिवसभर गोंदियात काय करशीन?"

"बसून राहीन."

मंगरूचं नाव निघाल्यावर योगराजने मान हलवली. दिव्याचा घास हातातच राहिला होता. तिची आई जमुना तिच्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दसरू गाडीत चढला. जंगलात त्याला प्रत्येक आवाजाचा धनी माहीत होता. इथे सगळं एकदमच खडखडत होतं आणि कशाला भ्यायचं ते कळत नव्हतं. बाकं पाठीला पाठ लावून होती. दिव्या खिडकीशी बसली. दसरू मुद्दाम तिच्यापासून दूर, दाराजवळ उभा राहिला, जसं पाणवठ्यावर वाऱ्याची दिशा पाहून उभं राहावं.

पुढच्या स्टेशनावर तो माणूस आला. दसरूला वाटलं होतं कोणी टवाळ पोरगा असेल. हा चाळिशीचा, इस्त्रीच्या करड्या शर्टातला, हातात जेवणाची पिशवी. लोक त्याला ओळखत होते, सरकून जागा देत होते. दिव्याच्या बरोबर मागच्या बाकावर तो बसला. म्हाताऱ्याला उभं पाहून म्हणाला,

"आओ दादाजी, इधर बैठो. गिर जाओगे."

त्याने स्वतः सरकून जागा केली. दसरू बसला. डोक्याला लावलेल्या तेलाचा गोड वास आला. माणसाने पेपर उघडला, एका हाताने धरला. दुसरा हात बाकाच्या पाठीवर सहज टाकल्यासारखा पसरला. बोटात खड्याची अंगठी होती. बोटं सावकाश सरकली, मुखवट्याच्या रबरी पट्ट्यापाशी आली. त्यांनी पट्टा ताणला आणि सोडून दिला. फट असा बारीक आवाज झाला.

दिव्या वळली नाही. तिची मान फक्त ताठ झाली. वास लागलेलं चितळ असंच ताठ होतं. पळत नाही, ओरडत नाही, कुठून येणार तेवढं ऐकत राहतं. मुखवट्याचे रंगवलेले डोळे दसरूकडे पाहत होते.

दसरूने आपला हात उचलला आणि त्या हातावर ठेवला. जन्मभर कुऱ्हाड धरलेला पंजा होता तो.

"क्या हुआ, दादाजी?"

"काही नाई. गाडी हालते."

माणसाने हात ओढून पाहिला. निघाला नाही. तो हसला, इकडेतिकडे पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. पेपरवर पुन्हा डोळे लावून तो तसाच बसला. हिरडामाळी स्टेशन आलं तेव्हा दसरूने पकड सैल केली. माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला.

जनावर एकदा माघारी गेलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते लांबून पाहत राहतं. तो माणूसही रोज दिसायचा, कधी दारात, कधी पलीकडच्या बाकावर. दिसला की "जय सेवा, दादाजी" असा गोंडी रामराम घालून हात जोडायचा. दसरू रोज जात राहिला. दिवसभर कॉलेजच्या फाटकासमोर चिंचेखाली बसून राहायचा. पोरं त्याला 'दिव्याचा कमांडो' म्हणायला लागली, आणि दिव्याला त्यावर हसू यायला लागलं. वर्गातल्या गोष्टी ती परतीच्या वाटेवर सांगायची.

दसऱ्यानंतर एकच दिवस चुकला. जंगलखात्याचा बीटगार्ड धर्मेंद्र याने त्याला जंगलात लाकडं वाहायच्या कामाला बोलावलं. वर्षभर त्याच्याच भरवशावर मजुरी मिळायची; नाही म्हणता येईना. त्या दिवशी योगराजने दिव्याला हॉल्टवर सोडलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मुखवट्याचा पट्टा तुटलेला होता, त्याला गाठ मारलेली होती. दसरूच्या अंगाला धुराचा वास येत होता. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी मेमू नाल्याच्या पुलावर करकरत थांबली. माणसं एकमेकांवर आदळली. पुढून आरडाओरड ऐकू आली, मग डब्याडब्यातून शब्द पसरत आले, वाघीण कटली, वाघीण कटली. सगळे खिडक्यांना लागले, कोणी मोबाइल उंच धरून दारातून लोंबकळले. धुरपताबाई टोपल्या सोडून उतरली आणि डोळे पुसत वर आली. "मंगरूले खाल्लं तिनं," ती म्हणाली, "तरी कशी लेकरावानी पडून राह्यली गे माय."

दिव्या जागची उठली नाही. दसरूही नाही.

करडा शर्ट गर्दीतून वाट काढत त्यांच्या बाकापाशी आला. आता त्याने दसरूकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून, अगदी आपुलकीने, तो दिव्याला म्हणाला,

"अब तो निकाल दो, बेटी. शेर मर गया."

संध्याकाळी गावात मारुतीच्या पारावर नारळ फुटले. मंगरूच्या बायकोला लोकांनी मध्ये बसवलं. दिवेलागणीला धर्मेंद्र घरोघर फिरत दसरूच्या अंगणात आला.

"मुखवटे जमा करून राहिलो," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या वक्ताले परत देऊ."

योगराज खाटेवरून उठला. खूप दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. "दे गे दिव्या, आन तो मुखवटा. अन् बाबा, उद्यापासून तू घरीच राह्य. धान कापाले आलं. हिले आता कायची भीती? वाटेनं टोलीवरच्या बाया असतेत."

दिव्या आतून मुखवटा घेऊन आली, पण दारातच थांबली. दोन्ही हातांनी तो छातीशी धरला होता. मिशी चिमटीत चुरगळली होती. ती आजाकडे पाहत नव्हती, बापाकडेही नाही. खाली जमिनीकडे पाहत होती.

दसरूने घसा खाकरला.

"वाघीन मेली," तो म्हणाला. "तिचे दोन पिल्लं आहेत न."

योगराज वळला. "पिल्लं?"

"पिल्लं कायची, आता मायएवढेच झाले. माय नाई म्हनल्यावर गावाकडंच येतीन. म्या पाह्यले पायाचे ठसे त्याईचे. हॉल्टच्या वाटेवर. परवाच्याच दिवशी."

"अन् तू सांगतलं नाई?"

"गाव भिऊन राह्यलं होतं. अजून कायले भेववाचं?"

धर्मेंद्र म्हाताऱ्याकडे पाहत होता. हातातल्या पोत्यात गोळा केलेले मुखवटे होते; पोत्याच्या तोंडातून दोनतीन चेहरे वर पाहत होते. मग त्याची नजर दारातल्या पोरीवर गेली, तिच्या हातांवर, गाठ मारलेल्या पट्ट्यावर. तिथे ती बराच वेळ राहिली.

"बरोबर सांगून राहिला बुढा," धर्मेंद्र म्हणाला. "दोन आहेत. राहू द्या मुखवटा पोरीजवळ."

पोत्याचं तोंड मुरगाळून त्याने ते खांद्यावर टाकलं आणि चहा न घेता निघून गेला.

"मंग मी येऊ का सोबत?" योगराजने विचारलं. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"तू धान काप," दसरू म्हणाला.

दुसऱ्या पहाटे जमुनाने दोघांची शिदोरी बांधून दिली. अंगणात दसरूने नातीच्या डोक्यामागे मुखवटा बांधला, गाठ ओढून पाहिली. मग कुऱ्हाड घेतली, कमरेचा पोचे पडलेला डबा बडवत दोघं वाटेला लागले, आणि डब्याचा आवाज गावाला सागाच्या आडून पुष्कळ वेळ ऐकू येत राहिला. त्या वर्षी तो रोज ऐकू आला, आणि पुढच्या दोन्ही वर्षी.

मंगरू मेला तो श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. वाघीण मेली ती कार्तिकात, पुनवेच्या आदल्या सकाळी, नाल्याच्या पुलावर. तिचे दोन्ही बछडे त्याआधीच, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, त्याच पुलाखाली मेले होते. साहेब लोक, धर्मेंद्र आणि एक मजूर सोडून ते कोणाला कळलं नव्हतं. बछड्यांना जाळायची लाकडं दसरूने रचली होती.