एक वाजताचं टेबल

आठवड्यातल्या सात दिवसांपैकी खरं नियोजन लागतं ते फक्त रविवाराला, असं एर्मेते बोसेल्लींचं जन्मभराचं तत्त्व होतं. त्या तत्त्वाला कंटाळूनच त्यांची बायको ओरिएत्ता मार्चमध्ये पिआचेन्झातलं घर सोडून दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे राहायला गेली होती.

मे महिन्यात बोसेल्लींनी तिला परत आणायचं ठरवलं आणि स्वयंपाकघरात नकाशा पसरला. नऊला गाडी काढायची. दहाला कास्तेल्लार्क्वातो, किल्ल्यासमोर कॉफी. अकराला व्हिगोलेनो, तटावरून एक फेरी. एकला व्हेर्नास्का, वाल्तेरच्या खाणावळीत आनोलिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता. वळणांनी ओरिएत्ताला मळमळतं, म्हणून त्यातल्या त्यात सरळ रस्ता हुडकण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तीन ते चारच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून ‘मनाला येईल ते’ असं लिहिलं. एवढी सूट छत्तीस वर्षांत त्यांनी कधी दिली नव्हती.

ओरिएत्ताला विचारणं यादीत सर्वांत शेवटी होतं. त्याआधी टेबल. रविवारी आधी सांगून ठेवल्याशिवाय त्या डोंगरात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

“दोघांसाठी, एक वाजता,” शुक्रवारी त्यांनी फोनवर सांगितलं.

“अहो, दोनदा कशाला?” वाल्तेर हसला. “बाईंनी सकाळीच सांगितलंय. दोघं, एक वाजता, खिडकीपाशी. बरं झालं हो. लोक काय वाट्टेल ते बोलत होते.”

बोसेल्ली फोन ठेवून तसेच उभे राहिले. म्हणजे तीही आखत होती, चोरून! त्यांनी दाढी केली आणि मगच तिला फोन लावला.

“कळलं मला,” ते म्हणाले. “वाल्तेरनं सांगितलं, टेबलाचं.”

“तू त्याला कशाला फोन केलास?”

“टेबल राखायला. नऊला येतो न्यायला. तुझ्या बहिणीला सांग, दारात येऊन गुरगुरू नकोस.”

“एर्मेते, मी सिल्व्हानोबरोबर जातेय.”

“कोण सिल्व्हानो?”

“चर्चमध्ये आमच्याबरोबर गातो तो.”

“तो? त्याला सूर तरी सापडतो का?”

“नाही सापडत,” ती म्हणाली. “पण शोधतही बसत नाही.”

मग तिचा आवाज उतरला. “मी सांगणारच होते रे. असं नव्हतं सांगायचं. आहेस ना?”

“आहे.”

“तो घाटातून नेणार म्हणतोय.”

“तुला मळमळेल.”

“तेच ना.”

नकाशा समोरच होता. “लुगान्यानो सुटलं की जुन्या गिरणीपाशी उजवीकडे वळायला सांग त्याला,” बोसेल्ली म्हणाले. “रस्ता अरुंद आहे, पण वळणं कमी. पुढं बस. काच खाली ठेव.”

“थांब, लिहून घेते.”

तिनं खरंच लिहून घेतलं. कागदावर पेन फिरल्याचं त्यांना ऐकू येत होतं.

शनिवारी त्यांनी दुसऱ्या खोऱ्यातल्या गावांची नवी आखणी केली आणि तिथल्या एका खाणावळीत फोन लावला.

“किती जण?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“एक.”

“रविवारी एका माणसासाठी टेबल राखून ठेवत नाही आम्ही,” बाई म्हणाल्या.