प्याल्याचा मान

बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तिला कारणही तसंच होतं. पलूसजवळच्या त्यांच्या गावात पहिला बाप्तिस्मा तिच्या आजाचा झाला. तेव्हापासून प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये सगळ्यांनी घ्यायचा द्राक्षरस याच घरानं करायचा. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे आणि प्याला नेऊन चर्चच्या मेजावर ठेवायचा. जत्रेत एखाद्या घराकडे पालखीचा मान असतो ना, तसाच हा आपला मान, असं बनुबाई धरून चालायची. चर्चमध्ये मानकरी नसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्यातली ती नव्हेच.

आपल्यामागं हा मान लेकाकडं, बाळासोकडं जाणार हेही तिनं ठरवून टाकलं होतं. पोटी मूल नव्हतं, म्हणून तिनं आणि घरजावई आलेल्या नवऱ्यानं त्याला लहानपणीच मिरजेहून दत्तक आणला होता. नवरा गेला, लेक कर्ता झाला. दत्तकाची गोष्ट गावाला ठाऊक होती, त्यालाही होती, पण घरात तो विषय कधी निघत नसे.

आणि यंदा चर्चच्या पाळकसाहेबांनी ईस्टरचा रस आक्काताईला करायला सांगितला! आक्काताई म्हणजे ऊसवाल्या बागायतदाराची विधवा सून. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली. बनुबाईला तिचं सगळंच खुपायचं: तिचा गोड गळा, तिची इस्त्रीची साडी, पाळकीणबाई तिला शेजारी बसवून घ्यायच्या तेही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

ईस्टरआधीच्या रविवारी पाळकसाहेब सांगत होते, की देवाला स्वतःचा असा पुत्र एकच. आपण सगळी त्यानं दत्तक घेतलेली लेकरं. तरी वारसा सगळ्यांना सारखा, आणि त्याच्या घरातला अधिकारही सारखा. बनुबाई ऐकत कुठं होती? ती आक्काताईच्या पाठीकडं बघून जळत होती. उपासना संपली आणि तिनं सगळ्या मंडळीदेखत तोंड सोडलं.

"आवं पाळकसाहेब, आमच्या तीन पिढ्यांचा मान हाय ह्यो. काल आलेली बाई वारस कशी हुईल?"

"बनुबाई, देवानं तिलाही लेक मानलंय."

"मानलेली ती मानलेलीच! रगताचं ते रगताचं. भायेरनं आणून घरात घेतलं म्हून कोण वारस हुत न्हाई!"

आक्काताईनं मान खाली घातली. बाकीच्यांच्या नजरा मात्र दाराकडं गेल्या. तिथं बाळासो उभा होता. त्यानं आईकडं एकदा बघितलं आणि तो बाहेर पडला.

बनुबाई घरी आली तेव्हा तो उंबऱ्याजवळ बसला होता. एरवी आल्या आल्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघणारा, टोपल्यातली भाकरी न विचारता घेणारा हा गडी.

"जेव की रं. घे हातानं," ती म्हणाली.

"तू वाढ. घर तुजं हाय."

बनुबाईच्या काळजाचं पाणी झालं. आक्काताईला परकी म्हणावं, तर हा लेक परका. लेक आपला म्हणावा, तर आक्काताईही वारस. कुठूनच सुटका नव्हती. ती चुलीपाशी बसून पोटभर रडली. रडून मत्सर काही धुऊन निघाला नाही, पण लेक हातचा जाण्याची भीती त्याच्याहून मोठी होती. मग डोळे पुसून ती उठली आणि तिनं फडताळातून रस गाळायचं फडकं काढलं.

"चल, मला आक्काताईकडं घिऊन चल."

"भांडायला?"

"शिकवायला. मनुकं किती उकळायचं ते त्या बयेला कुठनं ठावं असणार? पर तिचा रस माज्यापरीस ग्वाड झाला तर माजा जीव जळंल, आत्ताच सांगून ठेवते." एवढं बोलून ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "आन बाळासो, मगाशी मी जे बोलले ते देवानं ऐकलंच असंल. त्यो मला काय शिक्षा करायची ती करंल. तू मातर ऐकलंस असं धरू नगंस, लेकरा."

बाळासो उठून आत आला.

"जाऊ. आदी जेवतो," तो म्हणाला, आणि त्यानं टोपल्यातली भाकरी आपल्या हातानं घेतली.