पट्टीचा फटका

कारखान्याच्या गोल्फ संघात एकच जागा रिकामी होती, आणि टूलरूमच्या, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागातल्या, बाईंना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

संघाचा कप्तान त्यांचा धाकटा दीर. त्याने अट घातली: सहा फुटांवरून दहा चेंडू, सात भोकात गेलेच पाहिजेत.

"वहिनी, सवलत मिळणार नाही."

"मागितली कुणी, भाऊजी?"

बाईंनी सरावासाठी पोलादाच्या दोन सरळ पट्ट्या घासून घेतल्या आणि फळीवर समांतर बसवल्या. मधून पटर, म्हणजे शेवटचा हलका फटका मारायची काठी, जेमतेम सरकायचा. टूलरूमच्या कोपऱ्यात जुना गालिचा अंथरून त्या रोज कामाआधी तासभर चेंडू मारत. शंभरातले शंभर सरळ जायचे.

रविवारी क्लबच्या हिरवळीवर दहातले तीन गेले. बाकीचे सातही भोकाच्या डावीकडून निघून गेले.

"घरात वाघ, बाहेर शेळी!" दीर हसला. "त्या पट्ट्यांच्या कुबड्या भंगारात टाका. कुबड्यांनी कुणाची चाल सुधारलीय का? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, विसरू नका."

बाई डावीकडे गेलेले चेंडू गोळा करत होत्या. चूक एकाच बाजूला होत असेल तर तिला कारण असतं, एवढं त्या जाणून होत्या.

सोमवारी सकाळी त्यांनी पट्ट्यांच्या आतल्या कडांना निळा रंग फासला. दोन भाग नेमके कुठे घासतात ते पाहायला फिटर लावतात तोच. वीस फटके मारून पटर उलटा केला. त्यांच्या पायांकडची कड निळीशार झाली होती. त्या बाजूच्या पट्टीवरचा रंगही एकाच ठिकाणी खरवडला होता, चेंडूला फटका बसतो तिथेच.

म्हणजे पटर दर वेळी आत ओढला जात होता आणि पट्टी त्याला निमूटपणे सरळ करत होती. शंभर फटके पट्टीचे होते, बाईंचा एकही नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या. साच्यात माल घडतो आणि गेजने, म्हणजे ठरावीक मापाच्या हत्याराने, तो तपासतात, हे त्यांनीच कित्येक नवख्यांना रागावून शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र हाताला साच्यात कोंबून तो पास झाल्याचा शिक्का मारत बसल्या होत्या.

त्यांनी पट्ट्यांमधलं अंतर बोटभर वाढवलं. आता नियम असा: आधी दहा चेंडू पट्ट्यांशिवाय, मग वीस निळा रंग लावून. कड घासली की तो फटका बाद. पहिल्या दिवशी विसातले चौदा बाद झाले. उजवा खांदा घाईने पुढे येतोय, हे चौथ्या दिवशी सापडलं. तिसऱ्या आठवड्यात बाद फटके दोनावर आले.

"अजून फेकल्या नाहीत?" दिराने टूलरूममध्ये डोकावून विचारलं.

"तपासणी करणाऱ्याला कुणी हाकलतं का, भाऊजी? फक्त त्याच्याकडून काम करून घ्यायचं नसतं."

परीक्षेच्या दिवशी नऊ चेंडूंतले सहा गेले. दीर कागद घेऊन उभा होता, पण चेष्टा करायचं विसरला होता. बाईंनी खांदा जागेवर ठेवला आणि मारलं. चेंडू डाव्या काठावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

"सात," दीर म्हणाला. "पण शेवटचा डावीकडूनच गेला हं."

"आत गेला ना?" बाईंनी वाकून चेंडू काढला. "पहिला सामना कधी आहे, ते सांगा."