पोत्याला टेकून

नेकनूरात कुणाच्या घरी बाळंतीण आली की मी जाते. बोलावणं नसतं. जिची लेक बाळंतपणात गेली तिला बाजेपाशी कोण बोलावणार? काही जणी दारातूनच चहा विचारतात, काही जणी बाळाच्या तोंडावर पदर ओढतात. ओढू द्या. मी उंबऱ्यात उभी राहून विचारते, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो का? आडवं झालं की खोकला येतो का, दम लागतो का? हो म्हणली की मी म्हणते, गाडी काढा, बीडला जा, हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. त्यांना वाटतं नीलाबाईचं डोकं फिरलंय. फिरलंयच की. ज्या दिवशी फिरायला पाहिजे होतं त्या दिवशी फिरलं न्हाई, एवढंच.

अपेक्षा माझी एकुलती एक. पाटोद्याला दिली होती, जावई रवि तिथं शाळेवर मास्तर हाय. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात आणली. पोरगी झाली, काही अडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो आन् माझं राज्य सुरू झालं. आमी लिंगायत, आमच्यात इटाळ मानत न्हाईत, पण बाजेचा नियम म्हणजे नियम. सकाळी तेल, कढत पाणी, ओव्याची धुरी, पोटाला जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा, आन् मग पाठ टेकून सपाट झोपायचं. उशी न्हाई, बसणं न्हाई. पोरीला पाजण्यापुरतं उठायचं.

हे मी कावून करत होते ते बी सांगते. अपेक्षा झाली तवा सासूनं मला आठव्या दिवशी आमच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसवलं. तवापासून कंबर गेली ती गेलीच. पावशेर साखर काढायला वाकले तरी डोळ्यांत पाणी येतं. माझ्या लेकीचं तसं होऊ द्यायचं न्हाई, एवढंच मनात होतं. वाईट काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

दहाव्या दिवशी तिचे पाय सुजले. पैंजण रुतायला लागले, मी काढून ठेवले. बाळंतिणीला सूज येतीच, मी म्हणलं. मग खोकला लागला, मी हळदीचं दूध दिलं. न्हाणीपासून बाजेपर्यंत आली तरी धापा टाकायची. मी म्हणलं, आजकालच्या पोरींत दम कुठाय, आमी आठव्या दिवशी कामाला लागलो. छाती धडधडतीय म्हणली, तर म्हणलं मोबाईल कमी बघ. तिच्या एकेका दुखण्याला माझ्याजवळ उत्तर तयार होतं, दुकानातल्या बांधलेल्या पुड्यांवानी.

अकराव्या दिवशी दवाखान्याची आशाताई बबिता बाळाचं वजन करायला आली. तिनं सूज बघितली आन् म्हणली, काकू, ही सूज मला बरी दिसत न्हाई, हिला उद्याच डॉक्टरला दाखवा. मी तिला विचारलं, तू किती बाळंतपणं काढलीस गं? तिला अजून मूलबाळ बी झालं नव्हतं. बिचारी खाली मान घालून गेली. माझ्या जिभेला हाड न्हाई, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय.

अपेक्षा म्हणायची, "आई, आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसतंय गं. मला बसून ऱ्हाऊ दे."

मी म्हणायचे, पाठ टेकली न्हाई तर जन्मभर कंबर धरून फिरशील. ती वाकळा गुंडाळून डोक्याखाली घ्यायची, मी काढून घ्यायचे. ती दोन घ्यायची, मी दोन्ही काढायचे. भांडली न्हाई कधी. माझ्यावर गेली असती तर भांडली असती, पण ती बापावर गेली होती.

सतराव्या दिवशी दुपारी बाज रिकामी दिसली. बाळ झोळीत. शोधत दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आमचे मालक, शंकरप्पा, तोंडावर बोट ठेवून मला चूप म्हणत होते. तांदळाच्या पोत्याला टेकून, पाय पसरून, अपेक्षा बसल्या बसल्या झोपली होती. तोंड जरा उघडं होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर त्याच जाग्यावर तशीच झोपायची. मालक हळू आवाजात म्हणले, चार दिवसांनी डोळा लागलाय तिचा, राहू दे. मी ऐकलं न्हाई. दंडाला धरून उठवली, बाजेवर नेली, सपाट निजवली आन् वर म्हणलं, बाप लाडावतो म्हणून काय झालं. ती छताकडं बघत पडली. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं. मी पुसलं बी, पण उठवून बसवली न्हाई.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी न्हाणं झालं, धुरी झाली, मी पट्टा आवळला आन् आडवी केली. तिला ठसका लागला तो थांबेना. ओठ निळे पडले, तोंडाला गुलाबी फेस आला. शेजारच्याची जीप काढली. मागच्या सीटवर बी मी तिचं डोकं मांडीवर घेऊन झोपवायलाच बघत होते. तवा मालक आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "बसू दे तिला!" ती बापाच्या छातीला टेकून बीडपर्यंत बसून गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पहिलं काम काय केलं ठाऊक हाय? पलंगाचं डोकं वर केलं. खटाखट दांडा फिरवला आन् माझी लेक बसती झाली. मग पट्टा सोडला, तोंडाला ऑक्सिजन लावला. अपेक्षानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केल्यावर डॉक्टरीणबाईनं आमाला बाहेर बसवून समजावलं. हृदयाचं मांसच आजारी पडतं. एका जातीत ते जाड होतं, ते पुष्कळदा घराण्यात उतरतं. एका जातीत कडक होतं. एका जातीत ताणून सैल पडतं, कुणाला दारूनं, कुणाला तापानंतर. हिचं बी सैलच पडलंय, पण बाळंतपणाच्या आगेमागे येणारं हे दुखणं वेगळं, चांगल्या धडधाकट पोरींना बी होतं. कावून होतं ते आमाला बी पुरतं कळलेलं न्हाई. रक्त पुढं ढकललं जात न्हाई, पाणी फुफ्फुसात साचतं, पायात उतरतं. आडवं झालं की जीव गुदमरतो.

मी विचारलं, "मी बसू दिलं असतं तर वाचली असती का?"

त्या म्हणल्या, बसून तिला बरं वाटलं असतं. वाचवलं असतं औषधांनी. आठ दिवस आधी आला असता तर पुष्कळ आशा होती, बऱ्याच जणींचं हृदय पुन्हा ताळ्यावर येतं. आठ दिवस आधी म्हणजे बबिता आली तो दिवस. मी बोटांवर मोजला.

रवि पाटोद्याहून आला तवा ती दोन शब्द बोलली, पोरीला दूध दिलं का एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आमच्यात जाळत न्हाईत. झोपवत बी न्हाईत. आमच्यात माणूस बसवून पुरतात, मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. चाळीस वर्षं मी मयतीला जाते, पण ह्या गोष्टीचा विचार कधी केला नव्हता. त्या दिवशी तिला नवं लुगडं नेसवून, कपाळभर भस्म लावून खड्ड्यात उतरवली, तवा माझ्या ध्यानात आलं की आता हिला बसू देत्यात. जित्यापणी आईनं दिलं न्हाई ते मेल्यावर सगळं गाव देतंय.

बसवताना तिची मान कलत होती. विधी सांगणारे जंगम स्वामी म्हणले, पाठ मातीला नीट टेकवा. मालकांनी दोन्ही हातांनी तिची मान सावरली. मी अंगावरची शाल काढली, चार घड्या केल्या आन् खाली दिली.

"हे तिच्या पाठीमागं लावा," मी म्हणलं. "तिला आडवं होता येत न्हाई."